मॅच सुरू होण्याआधीच संघ का हरतो? ग्रामीण कॉलेजच्या फुटबॉलमधला आत्मविश्वास आणि मानसिक कणखरपणा

ठाणे जिल्हा म्हटलं की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. पण २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतरही ठाणे जिल्ह्याचा मोठा भाग ग्रामीणच राहिला आहे. शहापूर आणि मुरबाड हे त्यातले दोन शेजारी तालुके. भाताची शेती, आदिवासी पाडे, एका बाजूला माहुलीचा किल्ला आणि दुसऱ्या बाजूला माळशेज घाट. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत.

इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठात येतात. त्यामुळे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमध्ये या भागातल्या फुटबॉल संघाची गाठ कधी ना कधी शहरातल्या कॉलेजशी पडते. शहापूरच्या मुलांना आधी आसनगाव स्टेशन गाठावं लागतं आणि तिथून सीएसएमटीपर्यंत लोकलचा जवळपास दोन तासांचा प्रवास. मुरबाडला अजून रेल्वेच नाही, म्हणजे कल्याणपर्यंत एसटी आणि पुढे लोकल.

मैदानावर पोहोचल्यावर समोर एकसारखे ट्रॅकसूट घालून वॉर्म-अप करणारा संघ असतो. टर्फवर बॉल भराभर फिरत असतो. इकडे कुणीतरी हळूच म्हणतं, 'हे लोक लय भारी आहेत.' पहिल्या दहा मिनिटांत एक गोल बसतो, खांदे पडतात आणि मग एकामागून एक गोल बसत जातात. परतीच्या लोकलमध्ये निष्कर्ष ठरलेला असतो : आपल्या पोरांमध्ये कॉन्फिडन्स नाही.

हा निष्कर्ष कितपत खरा आहे? आत्मविश्वास म्हणजे नेमकं काय, तो येतो कुठून आणि कॉलेजच्या साध्या मैदानावर तो वाढवता येतो का? समजून घेऊया.

आत्मविश्वास म्हणजे 'मी भारी आहे' असं वाटणं नव्हे

आपल्याकडे आत्मविश्वासाची गल्लत बहुतेक वेळा धीटपणाशी होते. जो मोठ्याने बोलतो, स्टेजवर जातो, तो आत्मविश्वासू. पण क्रीडा मानसशास्त्रात या शब्दाचा अर्थ बराच नेमका आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेचा सिद्धांत मांडला. एखादं ठरावीक काम आपल्याला जमेल, हा विश्वास म्हणजे स्वक्षमता. इथे 'ठरावीक काम' हे शब्द महत्त्वाचे. एखाद्या डिफेंडरला हेडर मारण्याचा पूर्ण विश्वास असू शकतो आणि त्याच मुलाला पेनल्टी घेताना घाम फुटू शकतो. म्हणजे त्याच्यात आत्मविश्वास आहे की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. कशाबद्दल आहे आणि कशाबद्दल नाही, हे विचारायला हवं.

पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक रॉबिन व्हीली यांनी खेळातल्या आत्मविश्वासाचा वेगळा अभ्यास केला. खेळात यशस्वी होण्याची क्षमता आपल्यात आहे याची खेळाडूला वाटणारी खात्री, असा त्याचा साधारण अर्थ.

संघाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते. अकरा जणांचा स्वतःवर विश्वास असला, तरी 'आपण मिळून हे करू शकतो' असं वाटेलच असं नाही. बंडुरा यांनी याला सामूहिक क्षमतेवरचा विश्वास म्हटलं. पास दिला तर पुढचा तो घेईल, मी पुढे गेलो तर मागची जागा कुणीतरी भरेल, ही खात्री नसेल तर चांगला खेळाडूही बॉल पायातून सोडत नाही.

मग मानसिक कणखरपणा म्हणजे काय?

आत्मविश्वास आणि मानसिक कणखरपणा हे शब्द एकाच श्वासात घेतले जातात, पण ते एक नाहीत.

ग्रॅहॅम जोन्स, शेल्डन हँटन आणि डेक्लन कॉनॉटन या ब्रिटनमधल्या तीन संशोधकांनी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावरच्या १० खेळाडूंशी बोलून मानसिक कणखरपणाची व्याख्या करण्याचा प्रयत्न केला. त्यातून १२ गुण पुढे आले आणि खेळाडूंनी ते महत्त्वानुसार लावले. सगळ्यात वर होता, आपलं ध्येय आपण गाठू शकतो हा न डगमगणारा विश्वास.

त्याच वर्षी पीटर क्लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कणखरपणाचे चार भाग सांगितले. परिस्थितीवर आणि भावनांवर ताबा, हातातल्या कामाशी बांधिलकी, अडचणीकडे आव्हान म्हणून बघण्याची वृत्ती आणि आत्मविश्वास. याच मांडणीवर आधारलेली ४८ प्रश्नांची चाचणी आज अनेक देशांत वापरली जाते.

दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट समान दिसते. आत्मविश्वास हा कणखरपणाचाच एक भाग आहे, पण तेवढ्यावर काम भागत नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर 'मला जमेल' असं वाटणं म्हणजे आत्मविश्वास. न जमल्यावरही पुढच्या मिनिटाला पुन्हा तेच काम नीट करणं म्हणजे कणखरपणा.

कष्टाची सवय असलेली मुलं आपोआप कणखर असतात का?

'आमची पोरं काटक आहेत', हे ग्रामीण कॉलेजात नेहमी ऐकू येणारं वाक्य. ते खोटं नाही. जूनमध्ये कॉलेज सुरू होतं त्याच सुमारास शेतीची कामं सुरू होतात. चिखलात दिवसभर वाकून भाताची आवणी करणाऱ्या मुलाला किंवा उन्हाळ्यात दूरवरून पाण्याचे हंडे आणणाऱ्या मुलीला कष्ट सोसणं शिकवावं लागत नाही.

मग हीच मुलं मैदानावर दबून का जातात?

कारण सोसणं आणि स्पर्धेचं दडपण हाताळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवणी करताना समोर कुणी प्रतिस्पर्धी नसतो, चूक झाली तर शे-दोनशे लोक बघत नसतात आणि निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यायचा नसतो. काटकपणा हा चांगला पाया आहे. पण मॅचमधला कणखरपणा मॅचसारख्या परिस्थितीतच तयार होतो.

उलटही खरं आहे. शहरातल्या ज्या मुलांना आपण 'कॉन्फिडंट' म्हणतो, त्यातली अनेक लहानपणापासून अकादमीत, शाळेच्या स्पर्धांत खेळत आलेली असतात. कॉलेजात येईपर्यंत त्यांच्या गाठीशी बऱ्याच मॅच असतात. शहापूर-मुरबाडच्या बाजूला कबड्डी आणि क्रिकेट गावागावात खेळलं जातं. फुटबॉल मात्र अनेक मुलं कॉलेजात आल्यावरच पहिल्यांदा नियमाने खेळतात. स्वभावातला फरक वाटतो तो पुष्कळदा खेळलेल्या मॅचच्या संख्येतला फरक असतो.

आत्मविश्वास येतो कुठून?

या प्रश्नाचं उत्तर बंडुरा यांनी चार स्रोतांमध्ये दिलं आहे. व्हीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये खेळासाठी ही यादी नऊ स्रोतांपर्यंत नेली. त्यातले ग्रामीण संघासाठी सगळ्यात महत्त्वाचे असे :

१. स्वतः केलेलं काम. हा सगळ्यात भक्कम स्रोत. जे आपण आधी केलेलं आहे, ते पुन्हा जमेल असं मनाला पटतं. वर्षात दोनच मॅच खेळणाऱ्या आणि दोन्ही हरणाऱ्या संघाकडे असा पुरावाच नसतो. त्याला 'विश्वास ठेव' म्हणणं म्हणजे रिकाम्या खात्यातून पैसे काढायला सांगणं.

२. आपल्यासारख्याला करताना पाहणं. कोल्हापूर हे याचं उत्तम उदाहरण. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार अशा तालमींचे आणि मंडळांचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या मॅचला हजारोंची गर्दी होते. पेठेतला मुलगा आपल्याच गल्लीतल्या दादाला या गर्दीसमोर खेळताना बघत मोठा होतो. फुटबॉल आपला खेळ आहे, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

शहापूरहून कसारा घाट ओलांडला की नाशिक जिल्हा लागतो. तिथल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. पाड्यावरच्या मुलीला देशासाठी धावता येतं, हे त्या भागातल्या मुलींनी डोळ्यांनी पाहिलं. शहापूर-मुरबाडच्या फुटबॉल संघाला असं उदाहरण मिळवून द्यायचं तर कॉलेजचे माजी खेळाडू हा सगळ्यात जवळचा मार्ग आहे.

३. ज्याच्यावर भरवसा आहे त्याचं बोलणं. सरांचे शब्द कामाला येतात, पण ते नेमके असले तर. 'तुम्ही वाघ आहात' याचा परिणाम पहिला गोल बसेपर्यंत टिकतो. 'डाव्या बाजूने त्यांचा बॅक पुढे येतो, मागे जागा सुटते, तिथे पळ' हे वाक्य नव्वद मिनिटं टिकतं.

४. शरीराच्या खुणांचा अर्थ. मॅचआधी छातीत धडधडणं, तोंड कोरडं पडणं, हात गार पडणं याला नवखा खेळाडू 'मी घाबरलोय' असं नाव देतो. अनुभवी खेळाडूला हेच सगळं होतं, तो त्याला 'शरीर तयार झालंय' म्हणतो.

५. ओळखीचं वातावरण. मातीच्या मैदानावर बॉल जसा उसळतो तसा टर्फवर उसळत नाही. नवं मैदान, वेगळा पृष्ठभाग, अनोळखी शहर, लोकलच्या गर्दीतून आल्यावर लगेच वॉर्म-अप या सगळ्याचा परिणाम विश्वासावर होतो.

६. लोकांचा आधार. घरचे, वर्गमित्र, कॉलेज. मुलींच्या संघासाठी हा मुद्दा आणखी मोठा. संध्याकाळी सराव संपल्यावर पाड्यापर्यंत कसं पोहोचायचं, हा प्रश्न सुटला नाही तर मुलीचं अर्धं लक्ष शेवटच्या एसटीकडेच राहतं.

ही यादी वाचली की सुरुवातीचं कोडं उलगडायला लागतं. ग्रामीण संघाचा आत्मविश्वास कमी दिसतो, कारण तो जिथून येतो ते झरेच आटलेले असतात. त्यात मुलांच्या मनाचा दोष नसतो.

नागपूरमध्ये एका कॉलेजच्या सरांनी काय केलं?

महाराष्ट्रात याचं एक ठळक उदाहरण आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमध्ये क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना भर पावसात तुटक्या बादलीने फुटबॉल खेळताना पाहिलं. त्यांनी २००१ मध्ये या मुलांसाठी स्पर्धा सुरू केली. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली आणि पुढे तिथले खेळाडू होमलेस वर्ल्ड कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचले. नागराज मंजुळे यांचा २०२२ मधला 'झुंड' हा सिनेमा त्यांच्याच कामावर बेतलेला आहे.

सिनेमात नाट्य असतं, पण मूळ क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी बॉल मिळाला, मग खेळायला ठरलेली वेळ आणि स्पर्धा मिळाली, संघ मिळाला आणि मग मुलं स्वतःकडे खेळाडू म्हणून बघायला लागली. आत्मविश्वासाचं भाषण पहिलं आणि खेळ नंतर, असं तिथे झालं नाही.

दडपणाखाली नेमकं काय बिघडतं?

याचा सगळ्यात बारकाईने अभ्यास झालाय तो पेनल्टी शूटआउटवर. कारण तिथे अंतर ठरलेलं आहे, ११ मीटर. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. सरावात जवळपास प्रत्येक खेळाडू हा गोल करतो. बदलतं ते फक्त दडपण.

नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शूटआउटचे व्हिडिओ तपासले. त्यांना दिसलं की 'हा चुकला तर आपण बाहेर' अशा वेळी खेळाडूंचं यश कमी होतं आणि 'हा गोल झाला तर आपण जिंकलो' अशा वेळी ते वाढतं. किक तीच, अंतर तेच. शिटी वाजल्यावर घाईघाईत किक मारून मोकळं होण्याची सवयही महागात पडते. या घाईत इंग्लंडचे खेळाडू सगळ्यात पुढे होते.

इंग्लंड १९९०, १९९८ आणि २००६ अशा तीन विश्वचषकांतून शूटआउटमध्ये बाहेर पडलं होतं. प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी स्वतः १९९६ च्या युरो स्पर्धेत निर्णायक पेनल्टी घालवली होती. २०१८ च्या विश्वचषकाआधी त्यांनी 'पेनल्टी म्हणजे लॉटरी' हा समज बाजूला ठेवला. संघासोबत पिपा ग्रँज या मानसशास्त्रज्ञ होत्या. काही महिने आधीपासून पेनल्टीचा सराव झाला, थकलेल्या पायांनीही झाला आणि किकआधी घाई करायची नाही हे ठरलं. ३ जुलै २०१८ ला इंग्लंडने कोलंबियाला ४-३ असं हरवून विश्वचषकातलं आपलं पहिलं शूटआउट जिंकलं.

पण तीन वर्षांनी, युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तोच संघ इटलीविरुद्ध शूटआउटमध्येच हरला. मानसिक तयारीमुळे शक्यता सुधारते, जिंकण्याची हमी मिळत नाही. हे खेळाडूंना आधीच सांगितलेलं बरं.

आपल्याकडचं ताजं उदाहरण हॉकीचं. ४ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं आणि भारताला ६० मिनिटांच्या मॅचमध्ये चाळीसहून अधिक मिनिटं दहा खेळाडूंनी खेळावं लागलं. तरी मॅच १-१ अशी बरोबरीत ठेवून भारताने शूटआउट ४-२ ने जिंकलं. या संघासोबत पॅडी अप्टन हे मानसिक तयारीचे प्रशिक्षक होते. २०११ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाबरोबरही ते होते.

महाराष्ट्रात हे काम त्याआधीपासून करणारं नाव म्हणजे नाशिकचे भीष्मराज बाम. पोलीस सेवेतून निवृत्त झालेल्या बाम यांनी योगशास्त्राच्या आधारे एकाग्रतेचं प्रशिक्षण दिलं. अंजली भागवत, सुमा शिरूर यांच्यासारख्या नेमबाजांपासून अनेक खेळाडूंना त्यांनी मार्गदर्शन केलं. २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं. 'मार्ग यशाचा' हे त्यांचं मराठी पुस्तक आजही कॉलेजच्या खेळाडूला सहज समजेल असं आहे.

कॉलेजच्या संघाला प्रत्यक्षात काय करता येईल?

अप्टन किंवा ग्रँज यांच्यासारखा तज्ज्ञ प्रत्येक कॉलेजला परवडणारा नाही. पण ते ज्या गोष्टी करून घेतात, त्यातल्या बऱ्याचशा फुकट आहेत.

मॅचची संख्या वाढवा. शहापूर आणि मुरबाड शेजारी तालुके आहेत. दोन्हीकडच्या कॉलेजांनी आपसात मैत्रीपूर्ण सामने ठेवले, तर विद्यापीठाच्या स्पर्धेआधी संघाच्या गाठीशी सहा-आठ मॅच सहज जमतात. अकरा जण जमत नसतील तर पाच-पाच जणांची मॅच चालते. लहान मैदानावर प्रत्येकाच्या पायाला बॉल जास्त वेळा लागतो.

पुराव्याची वही ठेवा. सरावानंतर प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या. आज काय जमलं आणि उद्या काय सुधारायचं. 'चांगला खेळलो' असं मोघम लिहायचं नाही. 'दहापैकी सात क्रॉस बरोबर गेले' असं लिहायचं. महिन्याभरात खेळाडूकडे स्वतःच्या हाताने लिहिलेला पुरावा तयार होतो.

ध्येय आपल्या हातातलं ठेवा. 'जिंकायचंच' हे निकालाचं ध्येय आणि ते प्रतिस्पर्ध्यावरही अवलंबून असतं. 'पहिल्या पंधरा मिनिटांत मधून गोल बसू द्यायचा नाही', 'बॉल गेल्यावर पाच सेकंद दबाव टाकायचा' ही कृतीची ध्येयं. ०-२ ने मागे असतानाही ती पूर्ण करता येतात, म्हणून संघ मॅच सोडून देत नाही.

दडपणाचा सराव करा. सरावाची शेवटची दहा मिनिटं अशी ठेवायची की एक संघ ०-१ ने मागे आहे आणि त्यात एक खेळाडू कमी आहे. पेनल्टी सरावाच्या सुरुवातीला न घेता दमल्यावर घ्यायच्या, मधल्या रेषेपासून एकट्याने चालत जाऊन, बाकी सगळे बघत असताना. आरडाओरडा करायला वर्गातली मुलं बोलवायची.

चुकीनंतरची कृती ठरवून ठेवा. गोल बसला की काय करायचं, हे बहुतेक संघांनी ठरवलेलंच नसतं. त्यामुळे ती जागा एकमेकांवर ओरडण्याने भरते. कॅप्टनने जाळीतून बॉल काढायचा, मधल्या रेषेपर्यंत चालत आणायचा, सगळ्यांनी एकदा लांब श्वास सोडायचा आणि ठरलेला एकच शब्द म्हणायचा. वीस सेकंद पुरतात. पण हे सरावात पन्नास वेळा झालेलं असेल तरच मॅचमध्ये आठवतं.

स्वतःशी बोलणं बदला. 'चुकू नको' ऐवजी 'बॉलकडे बघ', 'टाच खाली'. स्वतःशी बोलण्याच्या परिणामावरच्या ३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा बोलण्याने कामगिरी सुधारते आणि अचूकतेच्या कामात कृती सांगणारे शब्द जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं.

धडधडीला नवं नाव द्या. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषण किंवा गाण्याआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्सुक आहे' म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधड थांबवणं अवघड असतं. तिचा अर्थ बदलणं तुलनेने सोपं.

मैदान आधी बघा. शक्य असेल तर मॅचच्या आधी एकदा त्या मैदानावर जाऊन यावं. ते जमत नसेल तर निदान तासभर लवकर पोहोचावं, बुटांनी पृष्ठभाग तपासावा, बॉल किती उसळतो ते बघावं. रात्री झोपण्याआधी त्या मैदानावरचे आपले पहिले तीन पास मनात खेळून बघावेत.

ओरडल्याने पोरं कणखर होतात का?

मैदानाच्या कडेला उभं राहून आई-बहिणीवरून शिव्या देणं म्हणजे मुलांना घडवणं, असा समज अजून पूर्ण गेलेला नाही. 'आम्हीपण असेच घडलो' हे त्याचं समर्थन. पण जे या वागणुकीमुळे खेळ सोडून गेले, ते हे सांगायला मैदानावर नसतात.

चूक केल्यावर अपमान होणार हे माहीत असेल, तर खेळाडू चूक न करण्यासाठी खेळतो. तो बॉल मागत नाही, अवघड पास टाळतो, आला बॉल की मारून मोकळा होतो. बाहेरून बघणाऱ्याला तो घाबरट वाटतो. खरं तर तो त्या परिस्थितीत अगदी शहाणपणाने वागत असतो.

याचा अर्थ शिस्त नको असा नाही. उशिरा आलेल्याला बाहेर बसवता येतं, चूक स्पष्ट शब्दांत सांगता येते. फरक एवढाच की बोलणं कृतीबद्दल असावं, माणसाबद्दल नको. 'तुला अक्कलच नाही' आणि 'तू मार्किंग सोडलंस' यातल्या दुसऱ्या वाक्यानंतर काय सुधारायचं ते कळतं.

आत्मविश्वास वाढला हे कळणार कसं?

क्रीडा मानसशास्त्रात यासाठी प्रश्नावल्या वापरतात. रेनर मार्टेन्स आणि सहकाऱ्यांची एक प्रसिद्ध चाचणी २७ प्रश्नांची आहे. ती मनातली काळजी, शरीरातली अस्वस्थता आणि आत्मविश्वास या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजते. म्हणजे अस्वस्थता आणि आत्मविश्वास एकाच वेळी जास्त असू शकतात.

पण कॉलेजच्या पातळीवर दोन काळज्या घ्यायला हव्यात. इंग्रजीत तयार झालेले प्रश्न मुलांच्या मराठीत नीट उतरवायला हवेत. आणि सरच प्रश्न विचारत असतील, तर सरांना आवडेल ते उत्तर मिळण्याची शक्यता असते. त्यामुळे कागदाबरोबर मैदानही बघावं. गोल बसल्यानंतरच्या पाच मिनिटांत संघाने किती पास पूर्ण केले? शेवटच्या वीस मिनिटांत किती जणांनी बॉल मागितला? ही मोजणी बाहेर बसलेला राखीव खेळाडूसुद्धा करू शकतो.

सगळं खापर मनावर फोडू नये

मानसिक तयारीच्या चर्चेत एक धोका आहे. बाकीच्या उणिवा झाकायला 'मेंटॅलिटी' हा सोयीचा शब्द ठरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. मुलीला उत्तरार्धात दम लागत असेल, तर आधी तिचं हिमोग्लोबिन तपासायला हवं, जिद्द नंतर. सकाळी न जेवता निघालेला, एसटी आणि लोकलमध्ये उभ्याने प्रवास केलेला खेळाडू साठाव्या मिनिटाला ढेपाळला, तर तो कणखरपणाचा प्रश्न नसतो, डब्याचा असतो. फुटबॉलच्या पूर्ण मैदानाला किमान ९० मीटर लांबी लागते. बास्केटबॉलच्या कोर्टएवढ्या जागेत वर्षभर सराव केलेल्या संघाला लांब पास जमत नाहीत, यात नवल नाही.

दुसरा धोका दुखणं लपवण्याचा. डोक्याला मार लागूनही खेळत राहणं हा कणखरपणा नव्हे. चक्कर किंवा उलटीसारखं वाटत असेल तर खेळाडूने लगेच बाहेर यायला हवं आणि तसं सांगणाऱ्याची थट्टा होता कामा नये. मनाच्या बाबतीतही हेच. मॅचआधीची धडधड आणि आठवडेच्या आठवडे टिकणारी उदासी यात फरक आहे. झोप लागत नाही, जेवण जात नाही, खेळावरून मन उडालंय असं दिसलं तर खेळाडूला समुपदेशनाची गरज असते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

थोडक्यात, शहापूर किंवा मुरबाडच्या कॉलेजचा संघ शहरातल्या संघासमोर दबतो तेव्हा 'कॉन्फिडन्स नाही' हे उत्तर म्हणून पुरत नाही. तिथून पुढचे प्रश्न सुरू होतात. या वर्षी संघ किती मॅच खेळला? दडपणाचा सराव किती वेळा झाला? गोल बसल्यावर काय करायचं, हे ठरलं होतं का? मुलं काय खाऊन निघाली आणि मैदानावर किती वाजता पोहोचली? यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं पुढच्या मोसमाआधी बदलता येण्यासारखी आहेत आणि त्याची सुरुवात शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी फोन करण्यापासून होऊ शकते.